गालिब यांचे घर, जहांआरांची कबर

दिल्लीला गेलेली आपली बहुतेक मंडळी लाल किल्ला आणि जामा मशीद पाहून, बाजारहाट करून परततात. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका जुन्या मित्राबरोबर गेलो, तेव्हा दोन ठिकाणे ठरवूनच पाहिली: मिर्झा गालिब यांचे घर आणि हजरत निजामुद्दीन वस्तीतील कबरी. मित्राच्या अब्बांचा इंतकाल होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

चांदणी चौकातून बल्लीमारानमध्ये शिरले की चष्म्यांच्या आणि चपलांच्या दुकानांच्या गर्दीत गली कासिम जान लागते. आग्र्यात १७९७ साली जन्मलेल्या गालिब यांचे आयुष्य दिल्लीत गेले, पण स्वतःच्या मालकीचे घर त्यांना कधी लाभले नाही. भाड्याच्या घरांत राहत त्यांनी शेवटची वर्षे या हवेलीत काढली. पुढे इथे दुकाने आली, कारखाना आला. फार उशिरा सरकारने हवेलीचा काही भाग ताब्यात घेऊन स्मारक केले. आत गालिब यांचा अर्धपुतळा आहे. तो घडवणारे शिल्पकार भगवान रामपुरे आपल्या सोलापूरचे. मित्र मात्र जुन्या भिंतींकडेच पाहत होता. म्हणाला, "आमच्या गावच्या घराची एवढी भिंतही उरली नाही."

तिथून आम्ही निजामुद्दीनला गेलो. दर्ग्याच्या वाटेवर गालिब यांची छोटी संगमरवरी मजार आहे. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी ते वारले. त्यांना सात मुले झाली, एकही जगले नाही. आज तिथे थांबून दुआ करणारे सगळे परकेच असतात.

दर्ग्याच्या आवारात शहाजहानची मुलगी जहांआरा बेगम यांची कबर आहे. ज्या चांदणी चौकातून आम्ही आलो, तो त्यांनीच वसवला. तिथली त्यांची मोठी सराय आज नाही. १६८१ साली त्या वारल्या. कबरीभोवती संगमरवरी जाळी आहे, पण वर छत नाही. आपल्या कबरीवर फक्त गवत असावे, ही त्यांचीच इच्छा होती.

मित्राने तिथेच विचारले, "अब्बांची कबर कच्ची आहे. पावसाळ्यात सपाट होते. पक्की बांधावी का?"

हा प्रश्न अनेक घरांत निघतो. कबर पक्की करू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. पण हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांच्या दफनानंतर प्रेषित (स.) यांनी ओळख राहावी म्हणून त्यांच्या उशाशी एक दगड ठेवला, हेही हदीसमध्ये आले आहे. म्हणजे खूण ठेवायला हरकत नाही, थाटाची गरज नाही. मित्राला हे पटले. परतल्यावर त्याने उशाशी एक साधा दगड ठेवला.

वाचकहो, आपल्या घरातही हे करता येईल. दादी-नानींना विचारून एका वहीत लिहा: कोण कुठे राहत होते, घर केव्हा सोडले, कोणाची कबर कोणत्या कब्रस्तानात, कोणत्या झाडाजवळ आहे. मुलांना सोबत घेऊन जा, सलाम करायला शिकवा, दुआ मागा. सांगणारी माणसे आहेत तोवरच ही वही भरून घ्या. अल्लाह आपल्या सर्व मरहूमांची मगफिरत करो. आमीन.