लोभी माती

हिंगण्याच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये मोकळ्या शेतातून चालताना जपून पाय टाकावा लागतो, एवढ्या रुंद भेगा पडलेल्या असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला. त्याचा काळा पाषाण झाला, तो झिजला आणि ही काळी माती तयार झाली. ओली झाली की ती फुगते, वाळली की आक्रसते. कापसाला ते मानवतं. कुंभाराची मात्र परीक्षा होते.

आम्ही कवी मातीला माय म्हणून मोकळे होतो. हिंगण्यातल्या एका वृद्ध कुंभारकाकांनी मला वेगळंच सांगितलं. "भाऊ, हे माती मोठी लोभी. पानी लय पेते अन् मंग फाटते."

हा लोभ आवरण्यासाठी तिच्यात नदीकाठचा गाळ, चाळलेली राख, घोड्याची लीद मिसळतात. मग तुडवणं आणि मळणं. चाकावर माठाचं तोंड आणि जाड अंग तेवढं तयार होतं. पोट येतं ते नंतर, आत दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकून. आव्यात लिदीतला काडीकचरा जळतो आणि माठाच्या अंगात बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असली की हे झपाट्यानं होतं. मुंबईच्या दमट हवेत माठ कष्टी असतो. नागपूरच्या ४५ अंशांत तो खरा रंगात येतो.

या भागातली ही विद्या जुनी आहे. हिंगणा तालुक्यातल्याच टाकळघाटला १९६८-६९ साली शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केलं. तिथं लोहयुगातली वस्ती सापडली, शेजारच्या खाप्याला शिळावर्तुळं. त्या लोकांची भांडी आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी. भांडी पालथी घालून भाजली, की आत हवा पोचत नाही आणि तेवढा भाग काळा राहतो, असं अनेक अभ्यासक मानतात. आव्यातल्या हवेवर एवढी हुकमत!

आजच्या गिऱ्हाइकाला मात्र चकचकीत, वेलबुट्टीचा माठ हवा. तैलरंगानं छिद्रं बुजतात, पाणी कोमटच राहतं आणि बोल लागतो कुंभाराला. "रंग नाई तं गिऱ्हाईक नाई," काका म्हणाले. बिनरंगाचे चार-सहा माठ ते मागच्या पडवीत ठेवतात. कोणी मागितले, तरच बाहेर काढतात.