विवरणपत्रात नसलेला रकाना

बपेरा (जि. भंडारा), प्रतिनिधी – जुलै महिना उजाडला की शहरातील नोकरदार घरांत ‘फॉर्म सोळा’ची शोधाशोध सुरू होते. विम्याच्या पावत्या, गृहकर्जावरील व्याजाचा दाखला आणि एखाद्या संस्थेला दिलेल्या देणगीची पावती एका पाकिटात गोळा होतात. देणगीची पावती विवरणपत्राच्या ‘८० जी’ या अनुसूचीत नोंदवली जाते, करदात्याला थोडीफार वजावट मिळते आणि विषय तेथेच संपतो. आपले प्राप्तिकर विवरणपत्र दिलेल्या देणगीची नोंद घेते; देणगी घेत मात्र नाही. ‘माझ्या परताव्यातील शंभर रुपये अमुक कामासाठी वळते करा’ असे सांगण्याची सोय त्यात कोठेही नाही.

अमेरिकेतील अनेक राज्यांत ही सोय आहे. कोलोरॅडो राज्याने १९७७ मध्ये ती प्रथम सुरू केली, तीही शिकारीच्या यादीबाहेरील वन्यजीवांच्या रक्षणासाठी. विवरणपत्रावर एक चौकट छापलेली असते. करदाता तीत आपल्या इच्छेची रक्कम लिहितो. ती त्याच्या परताव्यातून कापली जाते किंवा देय कराबरोबर अधिक भरली जाते. पुढे या चौकटीत माणसांचेही प्रश्न आले. कॅलिफोर्नियाच्या विवरणपत्रावर लैंगिक हिंसेच्या पीडितांना सेवा देणाऱ्या केंद्रांसाठी असा निधी काही वर्षे होता. २०१७ च्या कायद्याने त्याच राज्यात तपासणीविना पडून राहिलेल्या बलात्कार प्रकरणांतील न्यायवैद्यक नमुन्यांसाठी आणखी एक निधी उघडण्यात आला. गमतीचा भाग असा, की याच पानावर सागरी पाणमांजरांच्या रक्षणाचा रकानाही असतो आणि प्रत्येक निधीला टिकून राहण्यासाठी वर्षाकाठी साधारण अडीच लाख डॉलर जमवून दाखवावे लागतात. जमले नाहीत तर पुढच्या छपाईत नाव गळते. म्हणजे पीडितांच्या मदतीलाही पाणमांजराशी लोकप्रियतेची स्पर्धा करावी लागते. या पद्धतीचा हा दोष आरंभीच नोंदवून ठेवलेला बरा.

युरोपातील काही देशांनी वेगळी वाट धरली. हंगेरीने १९९६ मध्ये कायदा करून करदात्याला आपल्या प्राप्तिकराचा एक टक्का पसंतीच्या सामाजिक संस्थेकडे वळवण्याची मुभा दिली. पोलंडने २००४ पासून, इटलीने २००६ पासून अशीच तरतूद केली. तेथे करदात्याच्या खिशातून जादा काही जात नाही. सरकारकडे जाणाऱ्या पैशाचीच दिशा बदलते. अमेरिकेतील चौकट मात्र निखळ ऐच्छिक दानाची आहे.

आता हा विचार भंडारा जिल्ह्यातून कशासाठी करायचा, असा प्रश्न पडू शकेल. तुमसर तालुक्यातील बपेरा हे मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे गाव. तुमसरहून सिहोरामार्गे येणारा रस्ता येथून पुढे बालाघाट जिल्ह्याकडे जातो. परिसर धानाचा. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने येथील बहुसंख्य कुटुंबांचा विवरणपत्राशी संबंधच येत नाही. शिक्षक, बँक कर्मचारी, तालुक्यातील मँगनीज खाणींचे कामगार, काही व्यापारी एवढेच काय ते करदाते. जेथे विवरणपत्रे मोठ्या संख्येने भरली जातात ती मुंबई, पुणे, नागपूर ही शहरे आणि जेथे मदतीची यंत्रणा सर्वांत लांब आहे ती अशी सीमेवरची गावे. रकान्याचा खरा उपयोग, झाला तर, हे अंतर भरून काढण्यासाठी व्हायला हवा.

हे अंतर निव्वळ किलोमीटरचे नाही. केंद्राच्या ‘सखी – वन स्टॉप सेंटर’ या योजनेत १ एप्रिल २०१५ पासून वैद्यकीय मदत, पोलिसांकडे तक्रार, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि साधारण पाच दिवसांचा तात्पुरता निवारा एका छताखाली देण्याचे ठरले. रचना जिल्ह्याला एक केंद्र अशी. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या महिलेला ते एका रिक्षेच्या अंतरावर असते. बपेरासारख्या गावातील महिलेला तुमसर ओलांडून भंडारा गाठावे लागते, आणि प्रकरण गंभीर असेल तर नागपूर. ऑगस्ट २०२२ मध्ये गोंदिया व भंडारा जिल्ह्यांच्या हद्दीत घडलेल्या सामूहिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेला उपचारांसाठी नागपूरलाच हलवावे लागले होते. त्या प्रकरणात पोलिसांच्या हलगर्जीबद्दल निलंबनाची कारवाई झाली आणि विशेष तपास पथक नेमले गेले.

कायद्याने यातील बऱ्याच गोष्टींची सोय कागदावर केली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यानुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याने तक्रार नोंदवून घेतलीच पाहिजे. राज्याच्या सीमेवरील गावाला ही तरतूद किती महत्त्वाची आहे, हे वेगळे सांगायला नको. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तातडीने विनामूल्य प्रथमोपचार वा उपचार करणेही बंधनकारक आहे. परंतु रात्री वाहन कोणी आणायचे, सोबत कोणी जायचे, दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडाली तर घर कसे चालवायचे, पुढे दोन-तीन वर्षे न्यायालयाच्या तारखांना तुमसर-भंडारा खेपा कोणाच्या पैशाने घालायच्या, याचे उत्तर कायद्याच्या कलमात नसते. ते एखाद्या समुपदेशिकेच्या पगारात आणि प्रवासखर्चाच्या व्हाउचरात असते.

या साध्या खर्चाचे मोल विदर्भाला नवे नाही. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतील वैद्यकीय तपासणीची दुरवस्था मांडणारा अहवाल तयार केला होता. त्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली आणि तपासणीची निश्चित पद्धत ठरवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुंबईत त्याआधीच, २००० च्या सुमारास, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ हे केंद्र उभे केले होते. रुग्णालयातच समुपदेशक असावा, बाईला दारोदार फिरावे लागू नये, ही त्यामागची कल्पना. कल्पना साधी आहे. परंतु तिला दरमहा पगार लागतो.

मग पैसा नाही काय? येथे चित्र गुंतागुंतीचे होते. दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी २८ फेब्रुवारी २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटींचा ‘निर्भया निधी’ जाहीर केला. (त्याच भाषणात जाहीर झालेली महिला बँक २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीनही झाली.) केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार २०२४-२५ पर्यंत निर्भया निधीत सुमारे ७,७०० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि त्यातील ५,८०० कोटींहून अधिक खर्च झाले. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा वापराविना राहिला. आरंभीच्या वर्षांत तर वापराचे प्रमाण फारच कमी होते. जो खर्च झाला, त्याचा मोठा भाग कॅमेरे, वाहने, आपत्कालीन दूरध्वनी यंत्रणा आणि महानगरांतील ‘सुरक्षित शहर’ प्रकल्प यांवर गेला. डिसेंबर २०२२ मध्ये तर या निधीतून मुंबई पोलिसांसाठी घेतलेली काही वाहने सत्ताधारी गटातील लोकप्रतिनिधींच्या संरक्षणासाठी वापरली गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले व त्यावरून राजकीय गदारोळ उठला. विवरणपत्रात रकाना मागताना हा इतिहास विसरता येणार नाही. शंभर रुपये देणारा करदाता ते कोठे गेले, हे विचारणारच.

दुसरी यंत्रणा भरपाईची. महाराष्ट्राची ‘मनोधैर्य’ योजना २ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली. तेव्हा साहाय्याची मर्यादा दोन लाख व विशेष प्रकरणांत तीन लाख रुपये होती. पुढे ती दहा लाखांपर्यंत वाढवण्यात आली. निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करते. देशपातळीवर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये महिला पीडितांसाठी भरपाई योजना आखली, तीत बलात्कारासाठी चार ते सात लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी पाच ते दहा लाख अशी पट्टी ठरली. याच योजनेतील ‘महिला पीडित भरपाई निधी’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. या निधीत सरकारी अनुदान येईल, आरोपीकडून वसूल झालेली रक्कम येईल, कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा पैसा येईल आणि सरकारच्या परवानगीने संस्था व व्यक्तींनी दिलेल्या देणग्याही येतील, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. थोडक्यात, सामान्य नागरिकाच्या देणगीला नियमाने दार ठेवलेले आहे. त्या दारापर्यंत जाणारा, सर्वांच्या परिचयाचा रस्ता तेवढा नाही.

हा रस्ता विवरणपत्रातून काढता येईल काय? पूर्वीचे दाखले पाहिले तर अशक्य काही नाही. प्राप्तिकर कायद्याच्या ‘८० जी’ कलमातील निधींची यादी म्हणजे एक प्रकारे देशाच्या आपत्तींचा इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर १ ते ६ ऑक्टोबर या अवघ्या सहा दिवसांत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री मदत निधीला दिलेल्या देणग्यांचा संसदेने या यादीत तारखांसह समावेश केला. ज्या अर्थसंकल्पात निर्भया निधी जाहीर झाला, त्याच अर्थसंकल्पाने राष्ट्रीय बाल निधीच्या देणगीला शंभर टक्के वजावट देऊ केली. निर्भया निधीचे नाव मात्र या यादीत आले नाही. तो अर्थसंकल्पीय तरतुदीवर चालणारा सरकारी निधी राहिला.

वजावटीचे आमिषही आता पूर्वीइतके उरलेले नाही. नव्या कररचनेत ‘८० जी’ची वजावट मिळत नाही. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ साठी ३१ जुलै २०२४ पर्यंत भरल्या गेलेल्या ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी सुमारे ७२ टक्के नव्या रचनेतील होती. या करदात्यांनी देणगी दिली तरी करात एक रुपयाही वाचत नाही. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून येणाऱ्या प्राप्तिकर कायदा २०२५ ने हे सूत्र बदललेले नाही. वरकरणी ही देणग्यांसाठी वाईट बातमी. पण याच कारणाने रकान्याचा विचार अधिक निर्मळपणे करता येतो: वजावटीसाठी नव्हे, द्यायचे म्हणून देणाऱ्याला सोपी वाट हवी. मार्च २०१५ मध्ये स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन झाले, तेव्हा वर्षभरात एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ते सोडले. त्यात कोणालाही करसवलत नव्हती.

हिशेब करून पाहू. वरील विवरणपत्रांपैकी दहापैकी एकाने शंभर रुपये लिहिले, तर सुमारे ७३ कोटी रुपये जमतील. केंद्रीय पीडित भरपाई निधीसाठी राज्यांना मिळून एकदाच दिलेली रक्कम २०० कोटी होती, हे लक्षात घेतले तर आकडा अगदीच किरकोळ नाही. अर्थात निम्म्याहून अधिक विवरणपत्रे शून्य कराची असतात, आणि पहिल्या वर्षी दहातील एक जण पुढे येईल असे मानणे धाडसाचे आहे.

यातील खरा धोका दुसराच. ऐच्छिक पैसा आला की सरकार आपला हात आखडता घेईल. भरपाई हा पीडितेचा हक्क आहे, ती देणाऱ्याच्या दयेवर सोडता येणार नाही. म्हणून रकान्यातील पैसा भरपाईला न जोडता सेवांना जोडणे अधिक योग्य, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. तालुका पातळीवर एक पूर्णवेळ समुपदेशक, प्रवासखर्च, साक्षीच्या दिवसाची बुडालेली मजुरी, ग्रामीण रुग्णालयातील तपासणी कक्ष अशा कामांसाठी तो राखून ठेवावा, जिल्हावार खर्च दरवर्षी जाहीर करावा आणि वाहनखरेदीला त्यातून साफ वगळावे. सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी जिल्हाधिकारी कार्यालयांमार्फत दरवर्षी डिसेंबरपासून गोळा होतो; त्याचे उद्दिष्ट जिल्ह्याला ठाऊक असते आणि जमा झालेला आकडा वृत्तपत्रांत येतो. तेवढा उघडेपणा येथेही असावा.

रकाना छापण्यासाठी दोन पावले लागतील. अर्थ मंत्रालयाला विवरणपत्राचा नमुना बदलावा लागेल आणि परताव्यातून रक्कम वळवण्यासाठी कायद्यात स्पष्ट आधार द्यावा लागेल. तोवर ज्यांना मदत करायची आहे त्यांनी पीडितांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला थेट द्यावे. दोन हजार रुपयांवरील देणगी रोखीने देऊ नये. तिला वजावट मिळत नाही. जुन्या कररचनेत असाल तर संस्थेकडून ‘१० बीई’ प्रमाणपत्र मागून घ्यावे. आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३१ मेपर्यंत ते देणे संस्थेवर बंधनकारक आहे. आणि देणगी देताना तो पैसा तालुक्याच्या ठिकाणी खर्च होणार की मुख्यालयात, एवढा एक प्रश्न जरूर विचारावा.