गोठवलेल्या कोकराच्या मांसाचे भाव

उणे १८ अंश सेल्सियसला गोठवलेले कोकराचे मांस वर्षभराहूनही अधिक काळ टिकते. त्यामुळे न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारीत कापलेले कोकरू सहा महिन्यांनी चीनमधल्या हॉटेलात शिजू शकते, आणि मधल्या काळात भाव पडले तर विकणारा थांबूही शकतो. मेंढीच्या मांसाचे सर्वाधिक उत्पादन चीनमध्ये होते आणि सर्वाधिक आयातही चीनच करतो. निर्यात मात्र मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांच्या हाती आहे. जगातल्या एकूण उत्पादनाचा थोडाच भाग परदेशी विकला जातो. बाजार इतका लहान आणि विकणारे इतके मोजके, की त्या दोनपैकी एका देशात पाऊस लांबला तरी सगळीकडचे भाव हलतात.

हा व्यापार खऱ्या अर्थाने उभा राहिला १८८२ साली. त्याआधी न्यूझीलंडमध्ये मेंढ्या पाळत त्या लोकरीसाठी. मांस खाणारी माणसेच थोडी, म्हणून जास्तीच्या मेंढ्या उकळून त्यांची चरबी तेवढी काढून घेत. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी पोर्ट चाल्मर्स बंदरातून ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज सुमारे ५,००० गोठवलेली धडे घेऊन लंडनला निघाले. कोळशावर चालणारे शीतयंत्र जहाजातच बसवलेले होते. उष्ण कटिबंधात वारा पडून जहाज रेंगाळले आणि खालच्या कोठारात थंड हवा नीट खेळेना. कप्तान व्हिट्सन हवेच्या मोठ्या नळीत शिरले आणि त्यांनी करवतीने जादा भोके पाडली. त्यात ते स्वतःच गारठून मरणाच्या दारात पोहोचले. खलाशांनी त्यांना दोराने ओढून बाहेर काढले आणि शुद्धीवर आणले. मे महिन्यात लंडनला माल उतरला तेव्हा फक्त एक धड खराब निघाले. स्मिथफील्डच्या बाजारात भाव मिळाला तो मायदेशातल्या भावाच्या सुमारे दुप्पट. दोन ठिकाणच्या भावांतली तफावत गोठवण्याचा आणि वाहतुकीचा खर्च भागवून उरते तोवर हा व्यापार चालतो, हे तेव्हाच सिद्ध झाले.

फरक इतकाच, की त्या काळी अख्खे धड एकाच बाजारात जाई. आज एकाच कोकराचे तुकडे चार-पाच देशांत पोहोचतात. न्यूझीलंडच्या कोकराचे सोललेले धड सरासरी १९ किलोच्या आसपास भरते, ऑस्ट्रेलियाचे २४ किलोच्या आसपास. त्यातली चाप सर्वांत महाग; तिला अमेरिकेतली आणि युरोपातली बडी हॉटेले गिऱ्हाईक. मांडी ब्रिटन आणि युरोपात जाते. नाताळ आणि ईस्टरला तिथे अख्खी मांडी भाजण्याची प्रथा असल्याने त्या सुमारास तिला मागणी असते. खांदा, मान आणि चरबीदार सीना चीनला जातो. उत्तर चीनमध्ये गोठलेल्या मांसाचे कागदासारखे पातळ काप उकळत्या रश्शात क्षणभर बुडवून खातात, आणि त्यासाठी गोठलेलाच माल लागतो. सर्वांत स्वस्त सीना पॅसिफिक बेटांवरही जात असे. अतिचरबीमुळे लोकांचे आरोग्य बिघडते म्हणून फिजीने २००० साली त्याच्या आयातीवर बंदी घातली. श्रीमंत देशात ज्या तुकड्याला कोणी विचारत नाही तो गरीब शेजाऱ्याच्या ताटात ढकलायचा, या रिवाजाला एका छोट्या देशाने दिलेले हे उत्तर होते, आणि ते रास्त होते.

म्हणून ‘कोकराच्या मांसाचा जागतिक भाव’ असा एकच आकडा कोणी सांगितला तर तो जपून घ्यावा. जकातीच्या आकडेवारीतून काढलेला भाव म्हणजे एकूण किमतीला एकूण वजनाने भागून आलेली सरासरी. समजा, एका महिन्यात १०० टन चाप किलोला २० डॉलरने आणि १०० टन सीना किलोला ५ डॉलरने विकला गेला, तर सरासरी साडेबारा डॉलर येते. पुढच्या महिन्यात चाप तितकीच, पण सीना ३०० टन गेला, तर सरासरी पावणेनऊ डॉलरवर उतरते. चापेचा भाव घसरलेला नाही, सीन्याचाही नाही, उलट निर्यातदाराने जास्त माल विकला. तरी बातमी छापून येते ती भाव कोसळल्याची. भावाचा कल खरोखर पाहायचा असेल तर एकाच तुकड्याचा, एकाच बाजारातला भाव मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावा लागतो.

निर्यातीचा भाव आणि आयातीचा भाव हेही दोन वेगळे आकडे आहेत. निर्यातदार देश माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत नोंदवतो. आयात करणारे बहुतेक देश त्यात जहाजभाडे आणि विमा धरतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, युरोपला जाणारी अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि या दोन आकड्यांतले अंतर वाढले. याखेरीज चलनाचा परिणाम असतो. न्यूझीलंडचा डॉलर स्वस्त झाला की परदेशातला भाव न बदलताही तिथल्या शेतकऱ्याच्या हाती जास्त पैसे येतात.

पुरवठ्याला ऋतूची लय आहे. न्यूझीलंडमध्ये कोकरे जन्मतात ती साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरात, आणि कत्तलीचा जोर असतो डिसेंबरपासून मार्चपर्यंत. या काळात शेतकऱ्याला मिळणारा भाव सहसा खाली येतो. दुष्काळ पडला तर परिणाम उलटसुलट होतो: चारा नाही म्हणून मेंढ्या लवकर विकाव्या लागतात, बाजार भरून वाहतो आणि भाव पडतो, पाऊस झाला की कळप वाढवण्यासाठी माद्या राखून ठेवतात, माल तुटतो आणि भाव चढतो. आजचा पडलेला भाव पुष्कळदा दोन वर्षांनंतरच्या चढ्या भावाची तयारी करत असतो.

दीर्घकालीन कल मात्र टंचाईकडे झुकलेला आहे. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली ७ कोटींहून अधिक मेंढ्या होत्या. आज अडीच कोटींहूनही कमी आहेत. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय सामायिक बाजारात गेल्याने न्यूझीलंडची हक्काची बाजारपेठ आक्रसली. १९८४ नंतर तिथल्या सरकारने शेतीची अनुदाने काढून घेतली. त्यानंतर चांगली कुरणे दुग्धव्यवसायाकडे गेली आणि अलीकडे डोंगराळ कुरणांवर कार्बन क्रेडिटसाठी पाइनची लागवड होते आहे. जाड्याभरड्या लोकरीला तर कातरणीची मजुरी निघेल एवढाही भाव अनेकदा मिळत नाही, म्हणजे मेंढी पाळण्याचा सारा खर्च मांसातून निघावा लागतो. ऑस्ट्रेलियात १९९१ साली लोकरीची आधारभूत किंमत योजना कोसळल्यावर शेतकरी मांसाच्या जातींकडे वळले, आणि पुढे तो देश या व्यापारात अव्वल ठरला.

करारांचाही भाग मोठा आहे. युरोपीय संघाने न्यूझीलंडला वर्षाला सुमारे २ लाख २८ हजार टन मेंढीचे मांस विनाशुल्क विकू दिले होते. ब्रिटन बाहेर पडल्यावर तो कोटा जवळजवळ निम्मा-निम्मा वाटला गेला. न्यूझीलंड-चीन मुक्त व्यापार करार २००८ साली झाला. २०१८ मध्ये चीनमधल्या डुकरांत आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरला, तेव्हा डुकराच्या मांसाची तूट भरून काढण्यात या कोकरांचाही वाटा होता आणि २०१९ मध्ये भाव उसळले. कोरोनात हॉटेले बंद पडताच चापेला गिऱ्हाईक उरले नाही. २०२३ मध्ये चीनची मागणी मंदावली आणि ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची आवक वाढली, तेव्हा तिथले भाव पार खाली आले. दोनच वर्षांनी, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या हंगामांनंतर, तिथे धडाचा भाव किलोला १० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला.

भारताचे स्थान या बाजारात वेगळे आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ७.४ कोटी मेंढ्या आणि १४.९ कोटी शेळ्या होत्या, पण बहुतेक मांस देशातच आणि ताजेच खपते. निर्यात होते ती मुख्यतः संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत अशा आखाती देशांकडे, विमानाने आणि बहुतांशी न गोठवता. लाळ्या खुरकुताच्या प्रादुर्भावामुळे युरोप-अमेरिकेची दारे भारतीय मांसाला जवळपास बंद आहेत. आयातीचा माल म्हणजे मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या हॉटेलांतली चाप. तिच्यावर ३० टक्के शुल्क होते. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारानुसार ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या मेंढीच्या मांसावर ते शून्य झाले.

महाराष्ट्रातल्या दख्खनी मेंढ्या राखणाऱ्या धनगराला या आयातीचा धक्का आजतरी बसलेला नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक गल्लीतल्या दुकानातले ताजे मटण मागते. त्याची खरी अडचण दुसरी आहे. लोकरीला मोल नाही हे दुखणे न्यूझीलंडच्या मेंढपाळाचे आणि त्याचे एकच. पण तिकडे भाव पडला तर कापलेला माल शीतगृहात ठेवता येतो, इकडे चारा-पाणी संपले की कळपातले नर दारात आलेल्या व्यापाऱ्याला त्याच दिवशीच्या भावाने द्यावे लागतात.