मृत्यूंची संख्या आणि मृत्यूचा दर

गावात वर्षभरात किती मृत्यू झाले, या प्रश्नाचे उत्तर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत सापडते. परंतु दोन गावांची तुलना करावयाची झाल्यास केवळ ही संख्या पुरेशी नसते. किती लोक किती काळ निरीक्षणाखाली होते, हे ठाऊक असल्यावाचून मृत्यूच्या आकड्यास अर्थ प्राप्त होत नाही.

समजा, नागपूर जिल्ह्याच्या मौदा तालुक्यातील एका गावात ४०० माणसे वर्षभर राहिली. दुसऱ्या गावाची लोकसंख्या ८००. त्यांपैकी निम्मे लोक सहा महिने कामासाठी बाहेरगावी होते. दोन्ही गावांत प्रत्येकी ६ मृत्यू नोंदले गेले. माणसे मोजली तर दर हजारी मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे १५ व ७.५ येते. पण बाहेर गेलेल्यांचे सहा महिने आपल्या निरीक्षणात नव्हतेच. एक व्यक्ती एक वर्ष निरीक्षणाखाली राहिली की एक व्यक्तिवर्ष धरतात. मृतांचा उरलेला काळ सोयीसाठी वगळला नाही, तर पहिल्या गावाची ४०० व दुसऱ्याची ६०० व्यक्तिवर्षे होतात आणि दर हजार व्यक्तिवर्षांस १५ व १० असा दर येतो. दोन गावांतील तफावत आता पुष्कळच कमी झाली.

रुग्णांच्या बाबतीत हीच अडचण निराळ्या रूपाने येते. पाच वर्षांच्या पाहणीत कोणी दोन वर्षांनी गाव सोडतो, कोणी चौथ्या वर्षी दाखल होतो. अशांना वगळणे चूक आणि ते अखेरपर्यंत जगले असे मानणेही चूक. जितका काळ माहिती मिळाली तितकाच हिशेबात घ्यावा, हा उत्तरजीविता-विश्लेषणाचा गाभा होय. कॅपलान व मायर यांनी १९५८ मध्ये यासाठी सुलभ रीत मांडली : प्रत्येक मृत्यूच्या वेळी निरीक्षणाखाली असलेल्यांपैकी किती वाचले, ते प्रमाण काढून अशा प्रमाणांचा क्रमाने गुणाकार करावयाचा.

तथापि एका गावात वृद्ध अधिक असतील तर तेथील दर स्वाभाविकच जास्त येईल. वय, लिंग, व्यवसाय यांचा प्रभाव वेगळा काढून दरांची तुलना करण्याच्या पद्धतीस दरांचे समाश्रयण म्हणतात. डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धती याच कुळातील आहे. तिचे उत्तर गुणोत्तराच्या रूपात मिळते. गुणोत्तर १ असेल तर दोन्ही गटांतील धोका सारखा, ०.५ असेल तर निम्मा.

या गणिताचे मोल महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची पाहणी झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तीत सहभाग होता. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागण्यात आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी ज्या गटास देऊ केली, त्यात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच सेवा मिळालेल्या गटात ६४. दर लाख व्यक्तिवर्षांस हे प्रमाण अनुक्रमे १२.७ व २५.८ पडते. धोक्याचे गुणोत्तर ०.५२ आले. त्याची संभाव्य मर्यादा ०.३३ ते ०.८३, म्हणजे १ च्या खालीच असल्याने हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात, हे त्यांवरून दिसून आले.

हा निष्कर्ष अखेर कशावर उभा होता? कोण केव्हा दाखल झाली, केव्हा गाव सोडून गेली, केव्हा व कशाने मृत्यू पावली, या तारखांवर. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची माहिती २१ दिवसांत देणे अपेक्षित आहे. तारीख अंदाजाने लिहिली, कारणाचा रकाना कोरा ठेवला, तर कितीही प्रगत गणित ती उणीव भरून काढू शकत नाही. पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांनी नोंदवहीतील प्रत्येक ओळ काळजीपूर्वक भरून घेतल्यास कोणत्या उपायाने माणसे वाचतात, हे ठरविण्यास त्यांचा हातभार लागेल.