लैंगिक अत्याचार, व्यसन आणि मौन : मुंबई उपनगरांतील लैंगिक अल्पसंख्याकांच्या संदर्भात

प्रस्तावना :
समलिंगी, उभयलैंगिक व पारलिंगी व्यक्तींवरील लैंगिक अत्याचार बहुधा नोंदविला जात नाही. त्यानंतर जडलेले व्यसन मात्र सर्वांना दिसते. परिणामी उपचार व्यसनावर होतात आणि मूळ आघात तसाच राहतो. या दोहोंमधील संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आघात आणि व्यसन :
अत्याचारानंतर निद्रानाश, दुःस्वप्ने, भीती व स्वतःलाच दोष देण्याची वृत्ती ही लक्षणे आढळतात. ती शमविण्यासाठी अनेकजण मद्याचा आधार घेतात. व्यसनामागे असह्य मानसिक वेदना शमविण्याचा प्रयत्न असतो, असे गृहीतक खांत्झियन यांनी १९८५ मध्ये मांडले. लैंगिक अल्पसंख्याकांवर भेदभावाचा व स्वतःची ओळख लपविण्याचा ताण आधीच असतो, हे इलान मेयर यांनी २००३ मध्ये विशद केले. अत्याचाराचा घाव या ताणावर बसतो. तक्रार केल्यास घरी सर्व उघड होईल, या भीतीने मौन अधिकच दृढ होते.

कायद्याची मर्यादा :
सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. संमतीविना संबंधांना कलम ३७७ लागू राहिले. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र ते कलमच नव्हते आणि बलात्काराच्या व्याख्येत पीडित केवळ स्त्री होती. त्यामुळे प्रौढ पुरुषास दुखापत, डांबून ठेवणे अशा कलमांकडे वळावे लागते.

उपनगरांतील प्रयत्न :
'सेहत' संस्थेने महानगरपालिकेसह २००८ मध्ये घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय व ओशिवरा प्रसूतिगृह यांसह तीन ठिकाणी उपचार, समुपदेशन व पुराव्याची नोंद यांची एकत्रित व्यवस्था उभारली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पारलिंगी व भिन्न लैंगिक कल असलेल्या पीडितांचा स्वतंत्र विचार आहे. पोलिसांत तक्रार नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टने सांताक्रूझ येथून समुपदेशनाचे कार्य केले आहे.

समारोप :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी काही पुरुष व तृतीयपंथी विद्यार्थीही लैंगिक छळास बळी पडू शकतात, हे मान्य केले. फौजदारी कायद्यात उणीव असली तरी महाविद्यालयाची तक्रार समिती त्यांच्यासाठी खुली असली पाहिजे. व्यसनामुळे उपस्थिती घसरलेल्या विद्यार्थ्यास शिस्तभंगाची नोटीस देण्यापूर्वी, हे कशानंतर सुरू झाले, असे एकांतात व विश्वासाने विचारावे. उत्तर मिळाल्यास ते त्याच्या संमतीशिवाय पालकांपर्यंतही जाऊ नये; कारण मौन याच भीतीतून आलेले असते.