शस्त्र लागण्यापूर्वीची दहा मिनिटे

दाढ काढून घेण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्यास लिडोकेन या औषधाची ओळख करून द्यावयास नको. दंतवैद्य हिरडीत सुई टोचतो, थोड्या वेळाने ओठ जड होतो, आणि मग पकडीने दाढ हलविली तरी आपल्याला केवळ तिचा करकर आवाज तेवढा ऐकू येतो. पुष्कळ लोक यास झायलोकेन म्हणतात. ते त्याचे व्यापारी नाव. हेच स्वस्त, जुने औषध स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीच्या सभोवती टोचले असता पुढील पाच वर्षांत अधिक स्त्रिया जगतात, असा निष्कर्ष मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. या संशोधनाचे एक टोक सेंद्रिय रसायनशास्त्रात आहे आणि दुसरे शस्त्रक्रियेच्या टेबलावर. आम्ही रसायनाच्या टोकापासून आरंभ करतो.

मारुंजीत आज इमारती उठत असल्या तरी शेताची आठवण अजून बुजलेली नाही. तेव्हा ही कथा एका पिकापासून सुरू होते हे येथल्या श्रोत्यांना आवडेल. स्वीडनमधील हान्स फॉन ऑयलर हे रसायनशास्त्रज्ञ १९३० नंतरच्या वर्षांत सातूच्या रोपांचा अभ्यास करीत होते. त्यांना त्यांत ग्रामीन नावाचे द्रव्य सापडले. त्याची रचना ठरविण्याच्या खटपटीत होल्गर एर्टमान यांनी त्याचेच एक भावंड, आयसोग्रामीन, तयार केले आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे जिभेला लावून पाहिले. जीभ बधिर झाली! (ही रीत आज कोणतीही प्रयोगशाळा चालू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) पुढे निल्स लॉफग्रेन यांनी त्या धर्तीची अनेक द्रव्ये बनविली आणि १९४३ साली लिडोकेन हाती आले. त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी त्याची सुई स्वतःलाच टोचून घेऊन परीक्षा केली. १९४८ साली औषध बाजारात आले.

या रेणूची घडण मोठी समजूतदार आहे. एका टोकाला सहा कार्बन अणूंचे कडे. त्याची ओढ स्निग्ध पदार्थाकडे. दुसऱ्या टोकाला नायट्रोजन. तो हायड्रोजनचा भारित कण उचलू शकतो, आणि उचलला की रेणू पाण्यात रमतो. दोहोंमध्ये अमाइडचा सांधा. कड्यावर या सांध्याच्या दोन्ही अंगांना दोन मिथिल गट पहारेकऱ्यांसारखे उभे असल्यामुळे तो सहजासहजी तुटत नाही, म्हणून परिणाम टिकतो. आता मज्जातंतूकडे पाहू. वेदनेचा निरोप पुढे जातो तो तंतूच्या आवरणातील बारीक दारांतून सोडियम आत शिरल्यामुळे. लिडोकेनचा भाररहित रेणू स्निग्ध आवरणातून आत निसटतो, आत गेल्यावर भारित होतो, आणि आतल्या बाजूने त्या दारात बूच बसवितो. निरोप थांबतो.

मग याचा कर्करोगाशी संबंध काय? अशी सोडियमची दारे कर्करोगाच्या पेशींवरही आढळली आहेत, आणि त्या पेशींच्या इतस्ततः शिरण्याशी त्यांचा संबंध असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. येथे बडवे यांचा जुना प्रश्न पुढे येतो. गाठ काढताना तिला हात लागतो, रक्तपुरवठा तुटतो, भोवतालच्या पेशींत खळबळ उडते. रोग बरा करण्यासाठी केलेल्या या कृतीतच काही पेशींना पळून जाण्याची संधी मिळत असेल काय? १९९१ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयातून त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला लेख मासिक पाळीच्या कोणत्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली यावर पुढचे आयुष्य अवलंबून असावे काय, याविषयी होता. त्याच धाग्याने मुंबईत सुमारे एक हजार स्त्रियांवर शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनच्या एका इंजेक्शनचा प्रयोग झाला. २०११ साली निकाल आला: सर्व स्त्रिया एकत्र धरता निश्चित फरक नाही, काखेतील ग्रंथींपर्यंत रोग गेलेल्या स्त्रियांत मात्र लाभ दिसला. अर्धवट यश म्हणा, वा अर्धवट अपयश. पण प्रश्न सोडला नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

त्याच वर्षाच्या अखेरीस लिडोकेनचा प्रयोग सुरू झाला. भारतातील अकरा रुग्णालयांतील सोळाशे स्त्रिया निवडल्या. रोग प्रारंभीच्या अवस्थेतला, आणि शस्त्रक्रियेपूर्वी रसायनोपचार न घेतलेला. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटात भूल दिल्यानंतर, शस्त्र लागण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे, अर्धा टक्का लिडोकेनचे द्रावण गाठीच्या चहूबाजूंनी टोचले. दुसऱ्यात टोचले नाही. पुढचे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना दिले. पाच वर्षांनी टोचलेल्या गटात शंभरांत ९०.१ स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्यात ८६.४. रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण ८६.६ आणि ८२.६.

शंभरांत चार म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. पण हे चार जीव दहा मिनिटांच्या, अगदी थोड्या खर्चाच्या कृतीने वाचतात. महागड्या नव्या औषधांचा लाभही कित्येकदा एवढाच असतो. शिवाय या रेणूवर आज कोणाचा एकाधिकार नाही, तेव्हा त्यावर बारा वर्षे खर्च करण्यात कोणा औषध कंपनीस स्वारस्य असणार? १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे असलेल्या सार्वजनिक संस्थेने ते केले. आक्षेपही आहेत, आणि ते ऐकले पाहिजेत. दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याची सुई टोचलेली नव्हती. मग लाभ लिडोकेनचा की गाठीभोवती द्रव भरल्याचा, हे या प्रयोगाने वेगळे होत नाही. सोडियमच्या दारांचे स्पष्टीकरणही तूर्त अनुमानच होय. रुग्णांच्या शरीरात ते घडताना कोणी पाहिलेले नाही.

श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर या सुईविषयी शल्यचिकित्सकांना विचारण्यास संकोच नसावा. मात्र आधी रसायनोपचार घेतलेल्या स्त्रियांवर हा प्रयोग झालेला नाही, आणि ही सुई कोणत्याही नेहमीच्या उपचाराची जागा घेत नाही. मुख्य अडचण निराळीच आहे. स्तनातील अशी गाठ बहुधा दुखत नाही. न दुखणाऱ्या गाठीविषयी घरात बोलावयाचे कसे, म्हणून आपल्याकडील बाई महिनोन् महिने गप्प राहते, आणि प्रारंभीची अवस्था, जिच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, ती तेवढ्यात निघून जाते.