निळी रेषा, लाल रेषा

नदीकाठी कुठे बांधायचे, हे महाराष्ट्रात जलसंपदा विभागाच्या दोन पूररेषांवरून ठरते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हा ‘एकदा’ फसवा आहे: १०० वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. तो लागोपाठच्या वर्षांतही येऊ शकतो. कोल्हापूर-सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर १६ वर्षांत सोसले. पात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे शेती, बाग, मैदान चालते. निळ्या-लाल रेषांमधला नियंत्रित; तिथे बांधकाम अटींवर. पण भराव टाकून उंचावलेला प्लॉट पाणी शेजारच्या वस्तीत ढकलतो. परवानगी देताना हे आधी तपासलेच पाहिजे.